टिमकुली म्हणजे काय?

“हा शब्द आगरी नाही. नव्या लोकांनी मनाला येईल ते इथं आणून टाकू नये.”

काळुरामदादांचं उत्तर संचितानं पुन्हा वाचलं. तिनं नुसतं विचारलं होतं, ‘टिमकुली म्हणजे लहान भाकरीच ना?’

फेसबुकवरच्या त्या आगरी बोलीच्या ग्रुपमध्ये ती नवीनच होती. लग्न होऊन बार्शीहून ठाण्याजवळच्या दिव्याला आली, तेव्हा शेजारच्या रंगूबाईंचं निम्मं बोलणं तिच्या डोक्यावरून जायचं. ‘आयस’ म्हणजे आई, हेही तिला त्यांच्याकडूनच कळलं. म्हातारी एकटीच राहायची. मुलगा दुबईला असतो म्हणायची. उरल्या पिठाची इवलीशी तांदळाची भाकरी थापली की दारातून हाक मारायची, “ये गो, टिमकुली घे.” निदान हिचं बोलणं तरी नीट कळावं, म्हणून संचिता ग्रुपमध्ये शिरली होती.

ग्रुप काढला काळुरामदादांनी. ठाण्याच्या कोपरीतले जुने रहिवासी, शेकडो शब्द त्यांनी जमवलेले. तिथं त्यांचा शब्द शेवटचा.

“शेजारच्या आजी असंच म्हणतात, दादा. त्या इथल्याच आहेत,” संचितानं लिहिलं.

“इथल्या म्हणजे कुठल्या?”

“दिव्याच्या. आमच्याच मजल्यावर राहतात.”

मग आलं, “दिव्यात काय, गावोगावचे भाडेकरू राहतात. विषय बंद.”

खाली जुन्या सदस्यांची रांग लागली. ‘दादा बरोबर बोलले.’ ‘आधी वर्षभर वाचा, मग आम्हाला शिकवा.’

संचिता चक्रावली. ती कुठं शिकवत होती? ती तशीच उठून शेजारी गेली.

“आजी, टिमकुली हा आगरी शब्दच नाही म्हणतात.”

रंगूबाई खुदकन हसल्या. “कोन बोलला? आमचे घरान तर असाच बोलतान.”

“हे मोबाइलवर बोलाल? लोकांना ऐकवते.”

रंगूबाईंनी पदर सावरला आणि फोटो काढायचा असल्यासारख्या ताठ बसून बोलल्या. संचितानं तो आवाज ग्रुपवर टाकला.

भिवा नावाच्या एका जुन्या सदस्यानं लगेच लिहिलं, “अरे, हे तर अस्सल आपल्याकडचं बोलणं. दादा, एकदा ऐका तरी.”

थोड्या वेळानं पोस्ट गायब. शोधायला गेली, तर ग्रुपच दिसेना. तिला काढून टाकलं होतं.

“मी असं काय वाईट बोलले रे?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“अगं, जुनी खोडं ती,” कमलेश म्हणाला. “नव्या माणसानं तोंड उघडलेलं चालत नाही त्यांना. सोड ना.”

तिनं सोडलं. पण एवढ्याशा भाकरीवरून एवढा राग? काही केल्या उलगडा होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी काळुरामदादांचा मेसेज आला, थेट तिलाच. आता आणखी काय ऐकवतात, म्हणून तिनं धास्तावतच उघडला.

“माझी आयस जेवली का गो?”