वेस्टगेटची जागा

दुसरी कानफटात बसली तेव्हा ललितच्या हातातला पाना सुटून पायावर पडला. त्याने तो उचलला नाही. उचलला असता तर त्याच पान्याने अभिमनचं डोकं फोडलं असतं, आणि मग बहिणीला काय तोंड दाखवणार?

"मनी गाडीमा काय कोठे लावानं, हाई तू ठरावशी?" अभिमन म्हणाला. "तू माले शिकाडशी?"

धुळ्यात पारोळा रोडवरचं ते गॅरेज ललितचं. अभिमन त्याच्या धाकट्या बहिणीचा, दिपमालाचा नवरा. घरचा जावई म्हणून लग्नापासून त्याचा प्रत्येक शब्द झेललेला. माणूस असा माजतो तो काय उगीच?

या बहाद्दराने जुन्या पांढऱ्या गाडीला टर्बो चढवून घेतला होता. टर्बो आला की वेस्टगेट आला. वेस्टगेट म्हणजे दाब सोडायची झडप. दाब हद्दीबाहेर गेला की ती उघडते आणि इंजिनातला जळता वायू, कधी कधी चक्क जाळ, नळीवाटे बाहेर फेकते. ती बसवायची कुठे, हाच खरा प्रश्न. ललितने जागा दाखवली होती: खाली, चारी सिलिंडरच्या नळ्या एकत्र येतात तिथे, तोंड जमिनीकडे. अभिमनला ती वर हवी होती, ड्रायव्हरच्या बाजूला, मडगार्डला भोक पाडून. जाळ लोकांना दिसला पाहिजे, रीलमध्ये आला पाहिजे.

ललितने हात जोडून सांगून पाहिलं, की पाव्हणे, तिथून ब्रेकची नळी जाते. ती तापली की ऑइल उकळेल, पेडल नुसतं खाली जाईल आणि गाडी थांबायची नाही. पहिली कानफटात त्यावर बसली होती.

आता अभिमनचे दोन दोस्त दारात उभे राहून हसत होते. त्यांना तमाशा पुरला नसावा, म्हणून अभिमनने ललितच्या पोटात लाथ घातली. तो गाडीच्या बंपरवर आपटला आणि ओठ फाटला. अभिमनने केसाला धरून त्याचं तोंड उघड्या बोनेटखाली दाबलं आणि बोटाने जागा दाखवली.

"रविवारे नरडाणाले शर्यत शे. झडप अठे दिखनी पाहिजे. नहीते बाकीना मार तुनी बहीण खाई."

ते गेले. ललितने नळाखाली तोंड धुतलं. पाणी बराच वेळ लाल येत होतं.

रात्रभर त्याच्या डोक्यात एकच विचार. मेला तर मेला, असं म्हणून मोकळं होणं काही अवघड नव्हतं. पण बहिणीच्या कपाळावरचं कुंकू त्याच माणसाच्या नावाचं. सकाळी त्याने मनाशी पक्कं केलं: झडप गुपचूप खालीच बसवायची आणि वर मडगार्डमधून एक पोकळ नळी काढून ठेवायची. त्या दीडशहाण्याला फरक कळणार नव्हता. मार खाल्लेल्या हातांनी ललित त्याच माणसाचा जीव वाचवायला बसला.

दुपारी दिपमाला आली. एसटीने, एकटी, उन्हात तोंडाला ओढणी गुंडाळून.

"त्यासनी धाडं माले," ती म्हणाली. "झडप कोठे लावी ऱ्हायना, देखी ये म्हणे."

ललितने तिला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. खाली खरी झडप, वर खोटी नळी. "तू त्याले सांग, त्यानी सांगं तठेच लावी. तुनं कुंकू शे ते. त्याले काही व्हवू देवाव नही मी."

दिपमाला बोनेटखाली वाकली. मगन मिस्तरीची लेक ती. शाळेतून आली की दप्तर फेकून बापाला पाने काढून द्यायची, ब्रेकचं पेडल दाबून धरायची. तिने बरोबर ब्रेकच्या नळीवर बोट ठेवलं.

"झडप वर लावी ते हाई तापी ना?"

"तापी. ब्रेक लागाव नही."

"शर्यतमा त्यासना बाजूले कोन बठस?"

"कोनी नही. वजन नको म्हणीसन एकलाच बठस."

"आन रस्ता संपस तठे माणसं ऱ्हातस?"

"तठे काय, खडीना डोंगर शे नुसता. समदा माणसं सुरुवातले ऱ्हातस." ललितने तिच्याकडे पाहिलं. "का वं?"

तिने ओढणीखालून डावा हात बाहेर काढला. तळव्याला फडकं बांधलेलं होतं. ते तिने सोडलं. शेवटचा पदर सोडताना कातडीही थोडी निघून आली. बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत सगळं भाजलं होतं, आणि भाजल्याची कड सरळ होती, सायलेन्सरच्या नळीची असते तशी.

"बोनेटवर चहाना कप ठेवा मी," ती म्हणाली. "गाडी नुकतीच बंद करेल व्हती. मना हात सायलेन्सरवर धरी ठेवा त्यासनी. मी वरडनू तशी हासनात."

याच बहिणीला ललितने दोनदा समजूत घालून परत पाठवलं होतं, स्वतः एसटीत बसवून, खिडकीशी उभं राहून. पोरीचा संसार मोडायचा नाही, एवढंच त्याला कळत होतं. कालचा सगळा मार त्याला काहीच वाटला नाही आता.

दिपमालाने दातात धरून फडकं पुन्हा आवळलं. तोंडाला ओढणी गुंडाळली. पाच वाजायच्या आत घरी पोचायचं होतं तिला. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"भाऊ," ती म्हणाली, "या बारी त्यासनं ऐक."