टायची गाठ

जजपुढे जायचं म्हणजे चर्चला जातो तसं टापटीप जायचं, ही केंटकीच्या आर्व्हेलाच्या घरची रीत. तिशीतल्या लेकाला, डेलबर्टला, तिने स्वतः न्हाऊ घातलं, त्याची दाढी केली, टायसुद्धा बांधून दिला.

जजबाईंनी त्याला न्याहाळलं. "मनाच्या आजारासाठी अपंगांचा भत्ता मागताय, आणि टायची गाठ बघा केवढी सुबक! हा कुठेही नोकरी करील. अर्ज नामंजूर."

"अहो बाई, ती गाठ मी..."

"पुढचे कोण आहेत?"

गाडीत बसताना डेलबर्टने विचारलं, "आई, नीट वागलो ना गं मी?"

"अगदी शहाण्यासारखा," म्हणत तिने त्याच्या गळ्यातला टाय सोडवला. मग कमरेचा पट्टा, बुटांच्या नाड्या. आणि दर रविवारसारखं, त्याच्या हाती लागू नये म्हणून, सगळं डिकीत टाकून कुलूप लावलं.