टेकडीवरची वात

हर्णैहून मुंबई, मग विमान, मोठी बोट आणि शेवटी आठवड्यातून दोनदाच सुटणारी होडी. एवढं करून द्वारका लेकीबरोबर ग्रीसच्या त्या चिमुकल्या बेटावर उतरली, तेव्हा पिशवीत तिने घरी वळलेल्या वाती होत्या. बावीस वर्षांपूर्वी जहाज बुडालं आणि वाहून आलेल्या तिच्या नवऱ्याला गावकऱ्यांनी इथंच पुरलं. परक्या मातीत त्याला कुणी दिवा लावला नसेल, हेच तिला सलत होतं.

टेकडीवरची कबर दिसली आणि ती थबकली. कबरीला ताजा चुना होता. उशाशी काचेच्या पेल्यात वात जळत होती. काळ्या कपड्यांतली एक म्हातारी त्यात तेल घालत होती.

लेकीने मोबाइलवरच्या भाषांतराने म्हातारीचं बोलणं समजून घेतलं. "आई, ही रोज लावते. हिचाही मुलगा दर्यात गेला, सापडलाच नाही. म्हणते, कुठल्यातरी किनाऱ्यावर त्याच्यासाठीही कुणीतरी लावत असेल."

बावीस वर्षं, रोज! द्वारकेने सगळ्या वाती म्हातारीच्या ओंजळीत ठेवल्या.

"पोराचं नाव विचार," ती लेकीला म्हणाली. "हर्णैला मी लावीन."