भरल्या पानावरून

"ऑल-इन!" म्हणत कान्हाशेठनं आपल्या सगळ्या चिपा टेबलाच्या मध्यात लोटल्या. समोरच्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याकडं त्यांनी धड पाहिलंही नाही. पाहिलं असतं तरी ओळखलं नसतं. शेहेचाळीस वर्षांत माणसाचं तोंड बदलतं. त्या म्हाताऱ्याला, नथूला, मात्र शेठला ओळखायला काही अडचण नव्हती. शहापूरपासून मुरबाडपर्यंत नाक्यानाक्यावर त्यांच्या फोटोचे बॅनर लागले होते. 'कान्हाशेठ वाढदिवस चषक. पोकर टूर्नामेंट. प्रवेश सर्वांना खुला.'

दीड महिन्यापूर्वी शहापूरच्या बाजारात नथूनं तो बॅनर वाचला. कचेरीतून नुकताच निवृत्त झालेला, जन्मात पत्त्यांना हात न लावलेला माणूस. 'प्रवेश सर्वांना खुला' हे त्यानं दोनदा वाचलं आणि एकटाच हसला. रविवारी मुलगी घरी आली, तसं त्यानं तिला विचारलं. पल्लवी ऐरोलीला एका कंपनीत होती. जेवणाच्या सुटीत तिथली पोरं हाच खेळ खेळायची.

"तीन पत्तीच ना गो ती?"

"नाय बाबा. हातात दोन पानं, मधी पाच सगळ्यांची. आणि टूर्नामेंटला सुरवातीला सगळ्यांना सारख्याच चिपा." तिनं डब्यातले वालाचे दाणे काढले आणि दोघांपुढं सारखे मांडले.

"आणि संपल्या तर? मोठा मानूस आणखी मागून घेणार."

"नाय मिळत. संपल्या का उठायचं."

"मालक असला तरी?"

"मालक असला तरी."

नथूनं चष्मा पुसला. "शिकव," म्हणाला.

शिकणं सोपं नव्हतं. चांगलं पान आलं की त्याच्या भुवया वर जात आणि पल्लवी समोरून दाणे गोळा करी. कुठला डाव कुठल्या डावाला खातो, ते त्यानं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढलं आणि भाजी निवडतानाही पुटपुटत राहिला. "वाईट पान आलं का सोडून द्यायचं, बाबा," पल्लवी म्हणाली, "घाई नाय करायची." "ते मला नको शिकवू. जन्मभर सोडतच आलोय. सोडायचं कधी नाय, ते सांग."

पल्लवीला वाटलं, रिकाम्या माणसाला चाळा लागला. खरी गोष्ट तिला ठाऊक नव्हती. तो बारा वर्षांचा असताना कान्हाच्या घरी लग्न होतं. गावजेवण होतं. नथू वर्गातल्या पोरांबरोबर पंगतीत जाऊन बसला. कान्हा रोज त्याच्याच पाटीवरून गणितं उतरवायचा, तेव्हा हे आपलंच घर, असं त्या खुळ्याला वाटलं. पत्रावळीवर भात पडला, वरण पडलं, बुंदी पडली. त्यानं घास उचलला. मोठ्या माणसांचं लक्षही नव्हतं. तेवढ्यात बुंदीची बादली घेऊन वाढत आलेला कान्हाच ओरडला, "ए नथ्या, ऊठ! ही पंगत तुझी नाय!"

नथू उठला. अख्खी पंगत बघत होती. जेवायला न बोलावणं वेगळं आणि भरल्या पानावरून उठवणं वेगळं. वैऱ्यालाही कुणी तसं उठवत नाही. त्या दिवसापासून नथूनं बुंदी तोंडात घातली नाही. विहारात तो नेमानं जाई, सगळ्या प्राणिमात्रांचं भलं चिंती, फक्त कान्हा सोडून.

आणि आज तो त्याच कान्हाच्या रिसॉर्टवर, त्याच्याच टेबलावर, त्याच्यासमोर बसला होता. तीन तास तो पानं सोडत होता. "म्हातारा कीर्तनाला आलाय का?" असं मागून कुणी तरी म्हणालंही. आता शेठनं सगळ्या चिपा लोटल्या, तेव्हा त्याच्या हातात दोन सत्त्या होत्या. गर्दीतून पल्लवी डोळ्यांनी सांगत होती, सोडा बाबा, सोडा. नथूची भुवई हलली नाही.

"नाय सोडत," तो म्हणाला आणि चिपा पुढं सारल्या. शेठपेक्षा त्याच्याकडं थोड्या जास्तच होत्या.

कान्हाशेठनं हसत आपली पानं उलटली. दोन राजे. लोकांनी टाळ्या पिटल्या. पानं वाटायला शेठचाच मुलगा होता, रोशन, गोव्याहून हा खेळ शिकून आलेला. त्यानं मधली पानं एकेक उघडली. चौथं पान सत्ती निघालं. नथूनं हातातल्या दोन तिच्याशेजारी मांडल्या; राजांच्या जोडीला खाणाऱ्या तीन सत्त्या. पाचवं कुणाच्याच कामाचं नव्हतं. टाळ्या थांबल्या.

"आण रे आणखी चिपा," शेठ म्हणाले.

"पप्पा, टूर्नामेंट हाय. संपल्या का उठायला लागतं."

"माझ्या जागेत मला उठवतोस?"

सुंभ जळला तरी पीळ जाईना. शेठ खुर्ची सोडेनात. रोशनला काय करावं कळेना. तेव्हा नथू पुढं वाकला. ह्या एका वाक्यासाठी तो वालाच्या दाण्यांवर दीड महिना बसला होता. ते त्यानं हळू, सावकाश म्हटलं.

"ऊठ, कान्हा. ही पंगत तुझी नाय."

शेठनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. चेहरा उतरला.

"नथ्या?"

नथू नुसता बघत राहिला. तेव्हा सगळी पंगत बघत होती तसा. खुर्ची मागं सरकली. दोन राजे टेबलावर तसेच टाकून कान्हाशेठ उठले आणि लोकांतून वाट काढत निघून गेले.

मग नथूही उठला. त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"काका, तुमी कुठं चाललात?" रोशन ओरडला. "सगळ्यात जास्त चिपा तुमच्याकडं हायत. चषक तुमचाच हाय!"

नथू पल्लवीकडं वळला.

"चल गो," तो म्हणाला. "भूक लागलीय. वाटंत कुठं बुंदी मिळंल का बघ."