खामपानची डबी

"कोंबड्याची विष्ठा रोज सकाळी निरखून बघतोस, आणि स्वतःची द्यायची म्हटलं की तोंड वाकडं करतोस?"

चानपेन आरोग्य स्वयंसेविकेचं जाकीट घालून, रिकामी डबी हातात घेऊन फाटकातच उभी होती. खामपान आपल्या झुंजीच्या कोंबड्याला गरम फडक्याने शेक देत होता. त्याने मानही वर केली नाही.

"कोंबड्याला झुंजायचंय, वहिनी. मला कुठे झुंजायचंय?"

"अरे, आतड्यातून रक्त येतंय का, एवढंच बघतात. वेळेत कळलं तर माणूस वाचतो."

"आणि नाही कळलं तर सुखाने जेवतो."

डबी पायरीवर ठेवून ती चालू लागली.

सगळं गाव याच मापाचं, असं चानपेनचं ठाम मत होतं. मून नदीकाठच्या या गावात ती वर्षानुवर्षं दारोदार फिरत होती, आणि जितकी फिरली तितका तिला माणसांचा वीट आला होता. तपासणी फुकट, डबी न्यायला माणूस दारात, तरी यांची कारणं संपत नसत. एकीला म्हणे शेजारणीच्या हातात असलं काही द्यायची लाज वाटते. हीच बाई सोंगक्रानच्या पाणी उडवायच्या सणाला ओल्या कपड्यांनी भररस्त्यात नाचते! एकाचं म्हणणं, मुलगा बँकॉकहून आला की बघू. आणखी एक सांगतो, शोधलं की सापडतंच. कच्च्या माशावर लिंबू पिळून वर तांदळाची दारू ढोसणारे हे शूरवीर एवढ्याशा डबीला घाबरतात, हे बघून तिला हसू येई आणि किळसही.

तिच्या घरात हा प्रश्नच नव्हता. तिची स्वतःची डबी सगळ्यांच्या आधी गेली होती. नवरा बुनमी मागच्या खेपेला आज-उद्या करत राहिला होता खरा, पण यंदा सत्तरी ओलांडल्यामुळे तो तपासणीच्या यादीतूनच सुटला. तिनेही ताणून धरलं नाही. तो काही खामपानसारखा पिणारा नव्हता. उलट वर्षभरात चांगला सडपातळ झाला होता. त्याच्या पट्ट्याला नवं भोक तिनेच पाडून दिलं होतं.

"तुमच्या त्या मित्राला उद्या भोंग्यावर घेते," जेवताना ती म्हणाली.

"कशाला बिचाऱ्याची अब्रू काढतेस?" बुनमीने निम्मा चिकट भात बांबूच्या टोपलीत तसाच ठेवून झाकण लावलं. "मी बोलतो त्याच्याशी."

"तुम्ही बोलाल आणि त्याच्या कोंबड्याचं कौतुक करून परत याल."

सकाळी गावप्रमुखाच्या घरच्या भोंग्यावरून खताची सूचना झाल्यावर चानपेनने माईक हातात घेतला. "सगळ्या गावाच्या डब्या आल्या. एकट्या खामपानची राहिलीय. त्याला जमत नसेल तर त्याने आपल्या कोंबड्याचा सल्ला घ्यावा." घराघरांतून हसण्याचे आवाज आले. तिने हेच तीन-चार दिवस चालवलं.

मग एका सकाळी बुनमी भरलेली डबी घेऊन दारात उभा राहिला.

"ही घे. आता तरी त्याचं नाव सोड."

"बघितलंत? लाज काढल्याशिवाय या लोकांना अक्कल येत नाही." ती इतकी खूश झाली की तिने पुढे काही विचारलंच नाही.

काही दिवसांनी आरोग्य केंद्रातल्या नर्सचा, ओराथाईचा फोन आला. "मावशी, खामपानकाकांच्या नमुन्यात रक्त सापडलंय. मोठ्या इस्पितळात नळी घालून बघावं लागेल. उशीर नको. पण त्यांना एकट्याला गाठून हळूच सांगा हं."

चानपेनला क्षणभर वाईट वाटलं. मग तिला ते 'सुखाने जेवतो' आठवलं, आणि ती तडक गावप्रमुखाच्या घरी गेली.

"खामपान, असशील तिथून इकडे ये! डबीला हसत होतास ना? तुझ्या डबीत रक्त निघालंय, रक्त! बाकीच्या शहाण्यांनीही कान उघडे ठेवून ऐका."

खामपान कोंबडा काखेत घेऊनच धावत आला. त्याला धाप लागली होती.

"वहिनी, आधी तो माईक बंद करा."

"का? आता लाज वाटायला लागली?"

"तुमच्या पाया पडतो, बंद करा."

"नाही करणार. ऐकू दे गावाला, तपासणी टाळणाऱ्याचं काय होतं ते!"

खामपानने कोंबडा खाली सोडला. तो हळूच बोलला, पण ते सगळ्या छपरांवरून पार शेतात बुनमीपर्यंत गेलं.

"मी दिलीच नव्हती, वहिनी. तुम्ही माझी थट्टा थांबवावी म्हणून बुनमीने माझ्या संडासात बसून स्वतःची भरून नेली."