बर्निसबाईंच्या रानातली वाट

“सातच खांब राहिलेत पोरा!” बर्निसबाई ओसरीवरून ओरडल्या. “ते झाले की बोलू परवानगीचं.”

कर्टिसने पहार खाली टाकली. गेल्या शनिवारीही सातच राहिले होते. त्याच्या आदल्या शनिवारी पाच. बाईंच्या कुंपणाचे खांब पिल्लं घालतात की काय, कुणास ठाऊक!

पण बोलणार कसं? अडला हरी, गाढवाचे पाय धरी. बाईंच्या कुरणांमागे चार मैलांवर सरकारी जंगल होतं. कुणीही जावं, शिकार करावी. फक्त तिथे पोचायची पंचाईत. तीन बाजूंना कडे आणि चौथ्या बाजूला बाईंचं रान. त्या रानातून एकच कच्चा रस्ता वर जायचा. त्याच्या तोंडाशी फाटक, आणि फाटकाशेजारच्या खांबांना नारिंगी रंग. मोंटानात नारिंगी रंगाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. पाय टाकलास तर याद राख.

म्हणूनच तर तिथले एल्क, ती दांडगी शिंगाळ हरणं, माजले होते. कर्टिसने जूनमध्ये समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीने सहा नर मोजले होते. एकेक घोड्याएवढं धूड.

खरं तर हा सगळा खटाटोप बापासाठी, ऑर्विलसाठी. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नोकरीतून तो निवृत्त झाला, आणि पाठोपाठ आई गेली. तेव्हापासून म्हातारा नुसता खिडकीशी बसून असायचा. विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. त्यात डॉक्टरांनी ऑक्टोबरात दोन्ही गुडघे बदलायचं ठरवलं. म्हणजे डोंगर चढायचा बहुधा हा शेवटचाच सप्टेंबर. एवढी एक शिकार बापाला घडवायचीच, असं कर्टिसने मनाशी पक्कं केलं.

जेवणाच्या टेबलावर त्याने नकाशा पसरला, तेव्हा म्हातारा कितीतरी महिन्यांनी नीट बोलला.

“गाइड नको,” तो म्हणाला. “पैसे मोजून दुसऱ्याच्या मागे चालायचं, त्याला शिकार नाही, मिरवणूक म्हणतात.”

मग रोज संध्याकाळी बेत रंगू लागला. उन्हं उतरली की वारा खाली वाहतो, म्हणून तंबू ओढ्याच्या अलीकडे. बाणाने मारायचं तर चाळीस पावलांत जायला हवं. मांस चार फेऱ्यांत पाठीवरून उतरवायचं. जंगलही बापानेच निवडलं. बोट ठेवलं ते बाईंच्या मागच्या डोंगरावर.

“पण विचारूनच जाऊ हं,” तो म्हणाला. “बाई एकटी राहते. न विचारता घुसणं शोभत नाही.”

तिथून हे शुक्लकाष्ठ मागे लागलं. पाच दिवस लाकडाच्या गिरणीत घासायची आणि सहाव्या दिवशी इथे. आधी तारा ओढल्या, मग पाण्याची कुंडं साफ केली, मग हे खांब. ऑर्विलला गुडघ्यांमुळे काम जमत नव्हतं. तो ओसरीवर बसायचा.

“तू काम कर,” तो म्हणायचा, “मी हिला बोलण्यात गुंतवतो. मन वळवायला कुणीतरी हवंच ना.”

त्यासाठी तो बिचारा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. चार-चार कप कॉफी प्यायचा, बाईंनी केलेला बेरींचा केक खायचा. कर्टिसला वाईट वाटायचं. या वयात पोरासाठी त्या तोंडाच्या पट्ट्यापुढे बसायचं म्हणजे काय!

“काय म्हणाल्या?” परतताना तो विचारायचा.

“वळतेय. पण घाई केलीस तर सगळं मुसळ केरात. हे एल्कसारखंच आहे. वास लागला की उधळणार.”

जुलैत एकदा कर्टिसचा भडका उडाला. “बास झालं, बाबा! दुसरं जंगल बघू. डोंगर काय कमी आहेत इथे?”

म्हातारा घरी जाऊन खिडकीशी बसला आणि रात्री जेवलाही नाही. पुढच्या शनिवारी कर्टिस मुकाट्याने पहार घेऊन हजर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. हातांना फोड आले, धनुष्याचा सराव बुडाला, आणि बाईंना दर शनिवारी नवं काहीतरी मोडलेलं सापडत होतं.

हंगामाच्या आदल्या शनिवारी एकदाचा शेवटचा खांब उभा राहिला. बाईंनी चष्मा लावला आणि कागदावर सही केली.

“घे. सप्टेंबरभर खुशाल वर जा,” त्या म्हणाल्या. “पण कोठाराचं छप्पर गळतंय रे. आणि मग सरपणही फोडायचं राहिलंय.”

कर्टिसने तोंड उघडलं, तेवढ्यात ऑर्विल बोलला, “करेल की! नाताळपर्यंत सगळे शनिवार तुझेच, बर्निस. दे रे, वचन म्हणून हात दे त्यांना.”

कर्टिसने हात दिला. या मुलखात एकदा हात दिला की शब्द मागे घेता येत नाही. गेले शनिवार तर गेले. बापाची शिकार तर पक्की झाली!

कागद खिशात घालून तो वरचा रस्ता नजरेखालून घालायला फाटकाकडे निघाला. समोरून रस्ता सपाट करणारं काउंटीचं पिवळं यंत्र धडधडत आलं.

“फाटक उघड रे,” चालक वरून म्हणाला. “वरपर्यंत जायचंय.”

“बाईंची लेखी परवानगी आहे का?” कर्टिसने ऐटीत खिसा थोपटला. “मला अख्खा उन्हाळा घालवावा लागला.”

चालकाने इंजिन बंद केलं.

“परवानगी? नारिंगी रंग दोन्हीकडच्या कुरणांना आहे, आणि फाटक गुरांसाठी. हा रस्ता काउंटीचा, थेट जंगलापर्यंत. कुणीही जावं.” तो वाकून बघू लागला. “तू ऑर्विलचा पोरगा ना? मग बापाला विचार की! या रस्त्यावर हे यंत्र चालवायला मला त्यानंच शिकवलं.”