ओटीचे तांदूळ

गाळवाडीला माहेरी येताच केतकीच्या गालांवर पुन्हा रंग चढला. औषध एवढंच: गावच्या नळाचं पाणी आणि कारखान्यांच्या नाल्याकाठचा भात. सासरी, घाटावरच्या शुद्ध हवेत, ती सुकत चालली होती. मातीतले विषारी धातू शोषणाऱ्या मोहरीचं जनुक टोचून घेतलेल्या गाळवाडीकरांना त्या पाण्यातलं नि भातातलं शिसं आणि कॅडमियम पचायला लागून तीन पिढ्या झाल्या होत्या. आता त्यांचं त्याशिवाय भागत नव्हतं.

निघताना तिच्या आईनं, पद्माताईंनी, नाल्याकाठच्याच तांदळानं तिची ओटी भरली. सुनेला न्यायला आलेल्या विहीणबाई खूश झाल्या. "घरी गेल्यावर सगळ्यांना खीर करते याची!"

पद्माताईंच्या हातातला नारळ हातातच राहिला. "अहो, नको! यात कॅडमियम आहे. तिला ते लागतं, पण तुमची मूत्रपिंडं जातील."

"इश्श! सून खाते ते आम्हाला बाधेल होय? शास्त्रज्ञ काय, काहीही सांगतात. ओटीचे तांदूळ घरादारानं खायचे असतात."

केतकीला जावेचं दोन वर्षांचं बाळ आठवलं. तिनं घाबरून आईकडे पाहिलं.

पद्माताईंनी आवाज खाली आणला आणि उभ्या उभ्या एक रूढी जन्माला घातली. "खरं सांगू विहीणबाई? आमच्यात म्हणतात, हे तांदूळ सुनेखेरीज सासरी कुणीही चाखले, की वर्षाच्या आत घराच्या किल्ल्या सुनेकडे जातात."

विहीणबाई दोन पावलं मागे सरल्या.

"केतकी, वेगळ्या डब्यात ठेव गं ते," त्या म्हणाल्या. "आणि तुझं तूच शिजवून खा. पातेलंसुद्धा वेगळं घे."